आजारपणाचं प्रकरण

त्या वर्षी पौषात मला हिवतापाने धरलं. जंगलातल्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो आणि एकटाच राहत होतो. शेजारच्या म्हाताऱ्या गोंड जोडप्याने मला उचलून आपल्या घरी नेलं. म्हातारी तांदळाची पेज करून तोंडाशी धरायची, म्हातारा पाय चेपत बसायचा. त्यांचं बोलणं मला अर्धंमुर्धं कळायचं, माझं त्यांनाही तेवढंच. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली, म्हणून मी रजा टाकून तिरोड्याजवळच्या आमच्या गावी आलो.

घरी दादा, वहिनी आणि बाबा होते. बाबांना पक्षाघात होऊन बरेच दिवस झाले होते. उजवं अंग गेलं होतं आणि जीभ जड झाली होती. ते काय म्हणतात ते दादाशिवाय सहसा कोणाला कळत नसे. त्यांना उठवून बसवणं, अंग पुसणं, भरवणं, कूस बदलून देणं हे सगळं दादाच करायचा आणि मग धानानंतर पेरलेली लाखोळी पाहायला शेतावर जायचा.

मला मात्र काहीच काम नव्हतं. ओसरीवर पडून कंटाळा आला तेव्हा वहिनीने माळ्यावरची लोखंडी पेटी काढून दिली. आमच्या लहानपणीची पुस्तकं तिच्यात कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेली होती. वरच ते प्रवासाचं पुस्तक होतं. गावच्या गुरुजींनी बदली होऊन जाताना ते आम्हा भावांना दिलं होतं. पहिली पानं तेव्हाही नव्हती, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. दोन मित्र एका नदीच्या काठाकाठाने तिच्या उगमापर्यंत पायी जातात, एवढीच ती हकिगत.

लहानपणी दादा वाचायचा आणि मी ऐकायचो. वाघ वाटेत आडवा येतो ते प्रकरण आणि पुरात होडी उलटते ते, ही दोन्ही मला तोंडपाठ होती. मधलं एक प्रकरण मात्र मी त्याला वाचूच देत नसे. त्यात एक मित्र तापाने पडतो आणि दुसरा, म्हणजे लिहिणारा, त्याच्यासाठी एका खेड्यात थांबून राहतो. काही घडतच नाही, असं म्हणून मी हात घालून पानं उलटून टाकायचो.

आता मी पहिल्यापासून वाचायला बसलो. वाघाची गंमत वाटली, पण तो पूर्वीइतका मोठा राहिला नव्हता. मग ते आजारपणाचं प्रकरण आलं. ते मी जन्मात पहिल्यांदा वाचलं आणि संपल्यावर लगेच पुन्हा वाचलं. कोष्ट्याच्या ओसरीत दोघांना जागा मिळते. लिहिणाऱ्याला स्वयंपाक येत नाही. त्याची पहिली पेज इतकी घट्ट होते की आजारी माणूस ती थुंकून टाकतो, आणि याला राग येतो. तो राग त्याने लपवलेला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी जास्त घातलं, इतकंच लिहून तो पुढे जातो. यात्रा बुडाली म्हणून मित्र हळहळतो, तेव्हा नदी कुठे पळून जात नाही, असं तो त्याला सांगतो. आपण कोणासाठी फार केलं, असं त्या साऱ्या पानांत एकदाही येत नाही. त्या गोंड म्हातारीचा हात तोंडाशी आला नसता, तर या लिहिण्यातलं मोठेपण मला या वेळीही दिसलं नसतं. कोण कुठला तो माणूस, पण मला त्याच्याविषयी फार आदर वाटला.

दिवेलागणीला दादा बाबांना भरवत बसला होता. मी पुस्तक घेऊन जवळ गेलो.

"दादा, हे आजारपणाचं प्रकरणच साऱ्यात चांगलं हाय. आपण कधी वाचलंच नाई."

"तू नाई वाचलं," तो म्हणाला. "मी वाचलं होतं, तू निजल्यावर."

"मंग आता वाचून दाखवू?"

त्याने बाबांची हनुवटी पुसली. "नको. वाघाचं वाच. पेज त मी रोजच पाजून राहिलो."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी ज्या पानांचं कौतुक करत होतो ती तो रोज जगत होता, आणि त्याला वाघ हवा होता. माझा थोरला भाऊ केवढा माणूस आहे, हे मला त्या घटकेला उमगलं. मी वाघाचं प्रकरण मोठ्याने वाचलं. मध्येच बाबा काहीतरी पुटपुटले.

"बाबा म्हणून राहिले, आणखी जोरानं वाच," दादाने सांगितलं आणि हसला.

महाशिवरात्रीपर्यंत माझ्या अंगात ताकद आली. मी दादाला म्हटलं, वहिनीला घेऊन गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या जत्रेला जा, बाबांकडे मी बघतो. बाबा पडल्यापासून ती दोघं कुठेच गेली नव्हती. तुला जमेल का, असं त्याने दोनतीनदा विचारलं. शेवटी वहिनीनेच गाठोडं बांधलं आणि ती दोघं तिरोड्याहून आगगाडीने गोंदियाला गेली.

दिवस सोपा नव्हता. बाबा एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणत होते आणि मला तो लागत नव्हता. पाणी देऊन पाहिलं, पांघरूण काढून पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, तर ते अंगणाकडे लागले होते. त्यांना उन्हात जायचं होतं. शेजाऱ्याला हाक मारून आम्ही खाट बाहेर नेली. उन्हात बाबा तासभर शांत पडून राहिले आणि डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं परतली. वहिनीच्या हातात नव्या बांगड्या होत्या. दादा बाबांच्या खाटेवर बसून देवळातली गर्दी, गाडीतली रेटारेटी, भेटलेले पाहुणे असं सारं सांगत राहिला. लहानपणानंतर त्याला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. बाबा होते तोवर दर वर्षी त्या दिवसांत मी रजा काढून घरी येत गेलो, आणि दादा-वहिनी जत्रेला जात राहिले.