वामनकाका आणि चौथी बॅटरी

सुरुवातीलाच सांगतो, मी या प्रकारातला माणूस नाही. आमच्या पांढुर्ण्यातून शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या गाडीत मी हमखास असतो, पण माझं अर्धं लक्ष दर्शनानंतरच्या भज्यांवर. बाकी कोणी काही अनुभव सांगू लागलं की मी हसण्यावारी नेत आलो. आता तुम्ही माझ्यावर हसलात तर हरकत नाही... सवय आहे.

मी लग्नांचं शूटिंग करतो. दोन वर्षांपूर्वी ड्रोन घेतला. त्याची पहिली बॅटरी पूर्ण चार्ज करून ऐन मे महिन्यात मोटरसायकलच्या डिक्कीत विसरलो. आठ दिवसांनी काढली तर टम्म फुगलेली पुरी! बायकोने विचारलं, सोबत आलूची भाजी करू काय?

म्हणून यंदा चार नव्या बॅटऱ्या घेतल्या तेव्हा दुकानदाराचं निमूट ऐकून घेतलं. पहिलं चार्जिंग पूर्ण होऊ द्या, मध्येच काढू नका. पहिली पाच-सहा उड्डाणं हलकी, चाळीस टक्के उरले की उतरवा. गरम असताना चार्जिंगला लावू नका. वापर नसेल तर अर्धी भरून सावलीत ठेवा.

ऐकताना मला एकदम सौंसरचे वामनकाका आठवले. वीस-बावीस वर्षांपूर्वी बी.ए. होऊन मी रिकामा फिरत होतो, तेव्हा त्यांनी मला आपल्या माइकसेटवर ठेवून घेतलं होतं. बसस्टँडमागे त्यांचं घर, तिथूनच धंदा. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर आणि ट्रॅक्टरला असते तसली ॲसिडची जड बॅटरी. त्या ॲसिडने माझ्या एकूण एक पँटला मांडीवर जाळी पडली होती. काका बॅटरीच्या टोकांवर साचलेलं पांढरं गरम पाण्याने धुवायचे आणि बोटाने व्हॅसलीन लावायचे... लेकराच्या टाळूला तेल लावावं तसं. नवी बॅटरी आली की पहिलं चार्जिंग मंद, चांगले दोन दिवस. म्हणायचे, "तिले घाई नोको करू बे. पयल्यांदा जेवढं पिईन, तेवढाच तिचा जीव."

आणि मी काय केलं? एकदा काका तेरवीसाठी बाहेरगावी गेले होते. नवी बॅटरी चार्जिंगला होती, निम्मीही भरली नव्हती. माझ्या मित्राच्या संत्र्याच्या मळ्यात लाइट नव्हती, पण बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही होता, आणि त्या दिवशी क्रिकेटचा सामना. मी बॅटरी उचलली, सामना पाहिला — हरलो, तेही सांगून टाकतो — आणि काका यायच्या आत ती पुन्हा चार्जिंगला लावून साळसूदपणे बसलो.

पंधरा दिवसांनी एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत भोंगा मुका झाला. वऱ्हाडी हसले. काका आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. "हात गेला माझा," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी नवी बॅटरी स्वतः कधी चार्ज केली नाही, नागपूरहून भरून आणायचे. उद्या सांगू, उद्या सांगू करता करता मी पांढुर्ण्याला आलो, लग्न झालं, केस गेले... सांगायचं राहूनच गेलं.

यंदा एप्रिलमध्ये लोधीखेड्याला साखरपुड्याचं शूटिंग करून परतताना सौंसरला थांबलो. दुपारचे साडेतीन झाले असतील. काकांच्या सूनबाई, शोभावहिनी, दारातच म्हणाल्या की बाबा आता कोणालाच ओळखत नाहीत, पोटच्या पोराला मास्तर म्हणतात. खरं सांगू? मला जरा बरंच वाटलं. ज्याला काही आठवत नाही त्याच्यापुढे कबुली द्यायला कसली भीती?

काकांनी मला पाहुण्यासारखे हात जोडले. पुढे बोलणं सुचेना, म्हणून मी ड्रोनची बॅग उघडली. ड्रोनकडे त्यांनी पाहिलंही नाही. एक बॅटरी उचलून तळहातावर तोलली.

"दहा आणे."

वहिनी म्हणाल्या, जुन्या माणसांचं माप आहे, सोळा आणे म्हणजे पूर्ण. मी मोबाइलवर हिशोब केला, साडेबासष्ट टक्के आले. ती बॅटरी ड्रोनला लावून ॲप पाहिलं... बासष्ट. दुसरीला म्हणाले पाच, ॲपवर एकतीस. तिसरीला चौदा, ॲपवर सत्त्याऐंशी. बॅटरीवरचे दिवे बटण दाबल्याशिवाय लागत नाहीत, आणि बटण त्यांनी दाबलं नव्हतं.

चौथी त्यांनी कानाशी नेली. बराच वेळ धरून ठेवली, मग हळूच मांडीवर ठेवली.

"हिले अर्ध्यातून उठवलं कोनी तरी."

त्याच सकाळी साखरपुड्याच्या घाईत मी ती पहिल्या चार्जिंगमधून निम्म्यावर काढली होती. घरी सांगितलं नव्हतं. त्या पुरीनंतर सांगायची हिंमत कोणात होती?

काका माझ्याकडे पाहत होते. मग मात्र राहवलं नाही.

"काका, त्या लग्नातली बॅटरी मीच मधातून काढून नेली होती. सामना पाहाले. तुमचा हात नव्हता चुकला."

त्यांनी उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. आवाजात राग नव्हता.

"मंग इतके साल मी उगाच लाजून राहिलो होतो."

थोड्या वेळाने वहिनींना विचारलं, "हे पाहुणे कोन्या गावचे? जेवले काय?"

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो, या वेळी व्हिडिओ करायचा म्हणून. नाहीतर तुमच्यापैकी कोण विश्वास ठेवणार? चारही बॅटऱ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एक उचलून वास घेतला आणि विचारलं, "साबन व्हय काय?" किती वेळा हातात दिली तरी तेच. मग ते उठून आत गेले आणि घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीपाशी बसले. वहिनी हळूच म्हणाल्या, तुम्ही गेलात त्याच संध्याकाळपासून बाबा तिच्याजवळ बसू लागले. इतकी वर्षं तिला हात लावत नव्हते.

मी पुष्कळांना विचारलं. अशी बॅटरी भरलेली असो की रिकामी, हातात घेऊन फरक कळत नाही म्हणतात. मग काकांना कसं कळलं, आणि नंतर का कळेनासं झालं, मला आजही सांगता येत नाही. मोबाइलमध्ये पुरावा म्हणाल तर एवढाच आहे... नरसाळं धरून काका इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी ओतताहेत. एक थेंब बाहेर सांडत नाही.