भरावातली वाट

हे कुणी वाचलंच तर माझ्या अक्षराला हसू नका. शाळा चौथीपर्यंत झाली, ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमायचं नाही. पण कामावरच्या मावशीबद्दल मनात फार आहे, आणि तोंडाने सांगणं मला त्याहून जमत नाही.

भरावात थर्माकोलचा प्रत्येक ठोकळा ठेवला की मावशी त्याच्यामागे बसायची, पाठ टेकवायची आणि दोन्ही पायांनी तो ढकलायची. "सरकायचं तर आताच सरक, बाबा. वर ओझं पडलं की नाय जमायचं." हलला नाही की त्याला थाप मारून पुढे.

आम्ही बोईसरजवळ पुलाच्या भरावावर कामाला होतो. जमीन खाजणातली, भरतीच्या चिखलाची, मातीचा भराव खचायचा. म्हणून हे ठोकळे रचायचे. टीव्हीच्या खोक्यात येतो तोच थर्माकोल, पण एकेक ठोकळा माणसाएवढा लांब, तरी एकटीने उचलावा इतका हलका. मावशी तो डोक्यावर घेऊन निघाली की रिक्षावाले थांबून बघायचे. मग ती मुद्दाम कण्हायची. "कंबर गेली गो बाय." आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो.

हलका म्हणूनच सरकायची भीती. त्यासाठी दोन थरांमध्ये दातेरी पत्रे घालायचे. त्यांचे दाते खालच्या ठोकळ्यात रुततात, वरच्यातही. ते पत्रे पुढे करायचं काम माझं.

मावशी मूळची दातिवऱ्याची, पण घर भरावाच्या पलीकडे, खाजणाच्या कडेला. नवरा लकव्याने पडून. दवाखान्यात न्यायचं तर त्याला हातगाडीवर घालून रस्त्यापर्यंत आणावं लागे. भराव डोक्याएवढा झाला तरी गाडीपुरती फट साहेबाने राहू दिली होती. "माझा दरवाजा हाय तो," मावशी म्हणायची. दुसरी वाट लांब वळशाची, भरतीला बुडणारी.

एका दुपारी सुपरवायझर आला. "मावशी, वो गॅप आज भर दो. परसों काँक्रीट है."

"आनि आमी उडत जायचं काय रं?"

"ऊपर से ऑर्डर है, मावशी. मैं क्या करूँ?"

त्याच्या हातात खरंच काही नव्हतं. तो गेल्यावर मावशी फटीत उभी राहिली. पलीकडे तिच्या दारात नवऱ्याची लुंगी वाळत होती.

पहिला थर वाळूवरच बसतो. वरच्यासाठी मी पत्रे पुढे केले. तिने ते घेऊन गोणपाटाखाली सारले. "ऱ्हाऊ दे. परवापर्यंत तरी ठोकळे ओढून गाडी काढता येल."

"आणि परवा?" मी विचारलं. तिने पुढचा ठोकळा उचलला.

शेवटचा ठोकळा ठेवला आणि सवयीने ती बसली, पाठ टेकवली, पाय लावले. ठोकळा सरकला. घरातला पाट सरकावा तसा. तिला हवं होतं तेच झालं होतं. तरी ती तशीच बसून राहिली, पाय त्याच्यावर ठेवून.

"यावरनं एस्टी जानार," ती म्हणाली. मग पाय काढून घेत, "दे गो ते पत्रे."

सगळे ठोकळे उतरवून तिने पत्रे घातले, पुन्हा रचले, पुन्हा ढकलून बघितलं. हलला नाही. या वेळी थाप मारली नाही.

सुट्टी झाली तेव्हा शिडी रस्त्याच्याच बाजूला होती. मावशी उतरली आणि घर पलीकडे राहिलं. चपला हातात घेऊन ती वळशाने निघाली.

पुढे एका ओहोटीला तिच्या भावांनी नवऱ्याला झोळीत घालून चिखलातून बाहेर काढलं, दोघांना दातिवऱ्याला नेलं. मला ते नंतर कळलं. मधे भराव होता.

तुम्हीही त्या पुलावरून गेला असाल. मी आता कंपनीच्या बसने जाते. ती जागा आली की माझे पाय आपोआप पुढच्या सीटला लागतात, मी ढकलून बघते. खाली तिच्या दाराला कुलूप दिसतं, कपड्यांची दोरी तशीच बांधलेली. काही सरकत नाही.