गडावरचे दडपे पोहे

आमच्या मुलाला तोवर दोन मुलींनी नकार दिला होता. पहिलीनं कळवलं, मुलगा बोलतच नाही. दुसरीनं कळवलं, मुलाची आई फार बोलते. आमच्या ह्यांनी दोन्ही निरोप ऐकले आणि पेपर खाली न ठेवताच निकाल दिला, "दोघींचंही निरीक्षण अचूक आहे."

तिसरी अकोल्याची. इथं पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत होती, कर्वेनगरला खोली घेऊन राहायची. तिनं मुलाला सरळ ईमेल पाठवली, की पोह्यांचा ट्रे घेऊन समोर बसणं मला जमत नाही, रविवारी सिंहगड चढू या, आईंनाही आणा, चालताना माणूस कळतो. आता बघा, आमच्या वेळी मुलीला चार पावलं चालून दाखवायला सांगत. लंगडी नाही ना, ते बघायला. आणि ही मुलाच्या आईलाच गडावर चालवून बघणार! म्हटलं, बघ बाई.

पण शनिवारी मुलगा फ्रीजमध्ये डोकं घालून म्हणाला, "आई, हिनं हो म्हणायला हवं." दिवसाकाठी दोन वाक्यं बोलणारा मुलगा, त्यातलं एक असं निघालं म्हटल्यावर मी गड चढायला तयारच झाले.

त्याला एक वेड होतं. कंपनीनं आठ महिने अमेरिकेला पाठवलं होतं, तिथून बाकीच्यांची मुलं चॉकलेटं आणतात, ह्यानं हलकं सामान आणलं. घडी केली की मोसंब्याएवढं होणारं जाकीट. पाण्याला बाटली नाही, पिशवी आणि तिला नळी, म्हणजे सलाईन लावून चालल्यासारखं. एक चमचा तर इतका हलका, की मी तो दोनदा कोथिंबिरीच्या काड्यांबरोबर कचऱ्यात टाकला. प्रत्येक वस्तू माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघायची, कपड्यांच्या आतल्या चिठ्ठ्यासुद्धा कापून टाकायच्या. "दीडशे ग्रॅम वाचले!" म्हणून तो खूश झाला, तेव्हा ह्यांनी त्याच्या पोटाकडे बघून विचारलं, "आणि हे घरी ठेवून जाणार का?"

मलाही त्यानं एक निळी सॅक दिली. आत काही आहे की नाही, हे उघडून बघावं लागे, अशी. मी सतरंजी, थर्मास आणि स्टीलच्या ताटल्या काढल्या होत्या, त्या एकेक करून परत कपाटात गेल्या. डब्यावर आमचं अडलं.

"आई, गडावर पिठलं-भाकरी मिळते."

"मुलगी बघायला जायचं आणि तिला विकतचं खायला घालायचं?"

शेवटी दडपे पोहे ठरले. गडावर स्टोव्ह नको, काही नको. आणि पोह्यांहून हलकं जगात दुसरं काय आहे? पण नाव सांगतंच, ते दडपावे लागतात. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, लिंबू, नारळाचं पाणी, वरून फोडणी, मग झाकण आणि झाकणावर वजन. आमच्याकडे ते वजन म्हणजे वरवंटा. मिक्सर आल्यापासून त्या दगडाला तेवढंच काम उरलं होतं. पहाटे मी पोहे कालवले, डबा सॅकमध्ये आडवा ठेवला आणि त्यावर पंच्यात गुंडाळून वरवंटा. स्वारगेटहून बसला तासभर लागतो, तेवढ्यात पोहे मुरतील. पायथ्याशी उतरलं की वरवंटा चहाच्या टपरीवर ठेवायचा, येताना घ्यायचा. योजनेत काही खोट नव्हती, हे मी आजही म्हणते.

निघताना ह्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "किल्ली घेऊन जा. दुपारी मी झोपतो."

पायथ्याशी मुलगी उभीच होती. ठेंगणी, मजबूत, पायात कापडी बूट, खांद्याला साधी झोळी. तिनं वाकून नमस्कार केला, मी तिला अकोल्याच्या उन्हाचं विचारलं, तिथून गाडी माझ्या माहेरच्या उन्हावर गेली आणि टपरी केव्हा मागे पडली, मला पत्ताच नाही.

पहिल्या चढालाच मला धाप लागली. "काकू, सॅक माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "तुम्ही बोला, मी ऐकून राहिली ना." तिनं सॅक खांद्यावर टाकली, तसा तिचा तो खांदा खाली गेला. तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं. पण बोलली नाही काही. मी मनात म्हटलं, किती शांत मुलगी!

अर्ध्या वाटेवर एक सरबतवाला बसला होता. त्याचं प्लॅस्टिक वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यानं चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले होते. ते दगड बघितले आणि मला वरवंटा आठवला.

"दे गं ती सॅक, मी घेते आता."

"राहू द्या काकू."

"अगं, मला रुमाल हवाय त्यातला."

तिनं तिचा रुमाल दिला. पाणी मागितलं, तर मुलानं त्याची नळी पुढे केली. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, तर म्हणे, "आई, डोळ्यांत काही गेलं का?" आणि नेमका तेव्हाच ह्या मुक्यानं तिच्याशी पहिलं पूर्ण वाक्य बोलायला घेतलं. "माझी सॅक पाण्यासकट दोन किलो शंभर ग्रॅम आहे."

"माझ्याकडची जरा जड आहे," ती म्हणाली.

मी गप्प झाले. इतकी गप्प, की मुलगा मागं वळला. "आई, बरं वाटत नाहीये का तुला?"

वर पोचल्यावर तिनं सॅक झाडाखाली ठेवली आणि उघडली. पंचा सोडला. दगड दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"काकू, हे काय आहे?"

"वरवंटा."

"ते दिसलं मला. आमच्याकडेही असतो. माझी परीक्षा घेऊन राहिल्या होत्या का तुम्ही? मी सगळा गड तेच समजून चढली. चढणं जमलं मला काकू, पण अशा घरात राहणं नाही जमायचं."

मुलाचा चेहरा पांढराफटक. आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर माझ्या ओठांवर आलं होतं, 'हो, आणि तू पास झालीस!' किती भारदस्त वाटलं असतं ते. पण तिचा खांदा दिसत होता, पट्ट्यानं लाल झालेला.

"अगं, पोहे दडपायला घेतला होता," मी म्हटलं. "खाली टपरीवर ठेवणार होते. बोलण्याच्या नादात राहिला. मग आठवलं, तर सांगायची लाज वाटली."

"केव्हा आठवलं?"

"सरबतवाल्यापाशी."

"म्हणजे तासभर झाला!"

"झाला की."

तिनं वरवंटा खाली ठेवला. डबा घेऊन बसली, झाकण काढलं. तीन तास दडपलेले पोहे, त्यांची पार वडी झाली होती. मुलानं तत्परतेनं अमेरिकेचा चमचा पुढे केला, तो पहिल्याच घावाला वाकला. मग तिनं हातानंच तुकडा तोडला, खाल्ला, दुसरा तोडला. "चव छान आहे," म्हणाली. "वजन जरा कमी चाललं असतं." तिला हसू आलं की खोकला, हे मला कळेना आणि विचारायचं धाडस होईना.

उठताना तिनं विचारलं, "उतरताना हा कोण नेणार?"

मी हात पुढे केला, त्याआधी मुलगा म्हणाला, "मी."

वीस पावलांवर त्याच्या दोन किलो शंभर ग्रॅमच्या सॅकची शिवण टर्रकन उसवली. मग निळीही फाटेल म्हणून तो वरवंटा त्या मोसंबी-जाकिटात गुंडाळून, छातीशी धरून उतरू लागला. वर येणारी माणसं विचारत, "बाळ किती महिन्यांचं?" आणि आमचा मुलगा, जो दोन स्थळांसमोर तोंड उघडत नव्हता, तो प्रत्येकाला थांबून पहिल्यापासून सगळं सांगायला लागला. पोहे, टपरी, सरबतवाला, आई. चौथ्या वेळी ती त्याला मधेच दुरुस्त करत होती.

खाली आम्ही ताकाच्या हातगाडीशी बसलो. तिनं मोबाइलवर वडिलांना फोन लावला. ती जरा बाजूला गेली होती, पण अकोल्यापर्यंत आवाज पोचवायचा तर हळू बोलून कसं चालेल?

"हो बाबा, पाहिलं. पोरगा चांगला आहे. आई बोलते भल्ली, पण खरं बोलते. ... हो. माझं हो आहे."

मी ताकाचा पेला तोंडाशी तसाच धरून ठेवला. ती आली आणि मुलाच्या समोर उभी राहिली.

"तुझं काय? तुला तर कोणी विचारलंच नाही."

"माझं हो आहे," तो म्हणाला. "पण आधी हा वरवंटा कोणीतरी धरा."

आम्ही दोघी ताक पीत राहिलो.