उजवीकडचे आटे
पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले वडूजचे नाथाजी दूधसुद्धा बोट बुडवून बघितल्याशिवाय घेत नसत. आज नातीच्या गिअरच्या सायकलला ते घरीच नवा बॉटम ब्रॅकेट बसवत होते. पायडलांचा दांडा ज्यात फिरतो, तो हा भाग उजव्या बाजूनं आटेच धरेना.

"मिरजेच्या दुकानदारानं भलताच माल गळ्यात मारलाय," ते फणफणले.

"उलटा फिरवून बघा की," बायको राहीबाई म्हणाल्या.

उलटा फिरवताच तो भाग सरळ आत गेला. नाथाजींनी डोळे बारीक केले. "तुला कुणी शिकवलं?"

"तुमी सरहद्दीवर होता, तवा आपल्या सायकलचं डावं पायडल मीच बसवायची. त्येबी उलटंच बसतं."

नाथाजी पाना घेऊन उठले आणि गोठ्यातल्या जुन्या सायकलकडं खात्री करायला गेले.