दाजींचं पोट आणि शाडूचा बांध

केरूच्या हातून किती गणपती गेले, याचा हिशेब तो ठेवत नाही. ठेवून करायचं काय, सगळ्यांचं पुढे काय झालं ते ठाऊकच आहे. माणसं वाजतगाजत नेतात आणि वाजतगाजत बुडवतात. पेणमध्ये याची कुणाला खंत नसते, पण अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या कारखान्यात चहा पिताना केरू हमखास म्हणतो, "सगुणा, आपल्या हातचा एक तरी राह्यला पायजे होता गो."

"मी राहिलेय ना," सगुणा म्हणते. "कपबशी विसळा."

यंदा मात्र मृणाली त्याच्याकडे आली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत गावाचं छोटं संग्रहालय आहे, ते ही पोरगी सांभाळते. तिथे आता दाजींचं दालन होणार होतं. दाजी म्हणजे वडखळकडच्या खारेपाटातले, खाडीला बांध घालून मिळवलेल्या भातजमिनीतले, इंजिनिअर. सगळी नोकरी त्यांनी खाडीच्या बांधांना उघाड्या बसवण्यात घालवली. उघाडी म्हणजे झडपेचा दरवाजा. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडीला दारातच थांबवायचं, एवढंच तिचं काम. निवृत्त झाल्यावर दाजी रोह्याला लेकीकडे राहायला गेले, तरी खारेपाट अजून त्यांच्या नावाने भात खातो.

"काका, त्यांचा पुतळा हवाय," मृणाली म्हणाली. "कायमचा."

"कायमचा म्हणजे, चतुर्दशीनंतरसुद्धा?"

"पुढची सगळी वर्षं. फायबरचा कराल ना?"

'कायमचा' हा शब्द केरूने पेढ्याच्या पुड्यासारखा घरी नेला. 'फायबर' हा शब्द वाटेतच सांडला. शाडूशिवाय त्याचा हात चालत नाही, आणि खोलीत पाणी येतंय कुठून?

दाजींना नीट बघून घ्यावं म्हणून तो एसटीने रोह्याला गेला. धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला निघालेल्या गर्दीत उभ्याने प्रवास झाला. रोह्यात पोचल्यावर बसायला मिळालं, पण दाजी बसेनात. सुकटासारखा वाळका माणूस. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता आणि ठिबकतं पाणी दाजींना सहन होत नाही. पान्हा घेऊन ते जे ओट्याखाली शिरले, ते केरूची परतीची गाडी येईपर्यंत शिरलेलेच. केरूला दिसली ती फक्त पाठ.

त्यामुळे पुतळ्याची पाठ हुबेहूब उतरली. पुढून मात्र हात आपल्या वळणाने गेला. पोट गोल झालं. उजवा तळवा आशीर्वादाला वर गेला. डोळे आखताना तर केरूला भानच राहत नाही. ते लांबसडक, प्रसन्न उतरले.

सगुणा बघून म्हणाली, "मोदक ठेवायचा राह्यलाय."

उद्घाटनाच्या दिवशी लोक दारातच चपला काढू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. एका आजोबांनी तर नातवाला नमस्कार करायला लावलं. दाजी आले आणि पुतळ्यासमोर उभे राहिले.

"पोट कुणाचं?" दाजींनी विचारलं.

"तुमचंच, साहेब."

"कधीपासून?"

मिठागरातल्या बायका घेऊन दाजींच्या गावची बायजाबाई आली होती. ती मागून म्हणाली, "राहू दे रं दाजी. जल्मात पयल्यांदा खाल्ल्यापिल्ल्या घरचा दिसतोस."

खोली हसली. संग्रहालय समितीचे अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. ते मृणालीच्या कानात म्हणाले, "हा उद्याच हलवा, फायबरचा मागवू." पेणमध्ये कानात सांगितलेलं सगळ्यांना ऐकू येतं. केरूलाही आलं. त्याचं 'कायमचा' एका दिवसाचं निघालं.

पुतळ्याशेजारी काचेच्या टाकीत उघाडीचा नमुना होता. तो दाजींनी स्वतः केला होता, आणि बिनपाण्याची उघाडी दाखवणं म्हणजे बिनचाकाची एसटी दाखवणं, असा हट्ट धरून टाकी काठोकाठ भरायला लावली होती. टाकीतली भरती बघायला गर्दी पुढे रेटली, टाकीचा सांधा उकलला, आणि खाडी फरशीवर उतरली. फरशीचा उतार नेमका पुतळ्याकडे.

शाडू आणि पाणी यांची गाठ पडली की काय होतं, ते केरूने जन्मभर पाहिलेलं. सवयीने त्याच्या तोंडून 'पुढच्या वर्षी लवकर या' निघता निघता राहिलं.

"खांड गेली," दाजी म्हणाले.

खारेपाटात बांध फुटला की एवढंच म्हणतात. मग जेवणारा ताटावरून उठतो. बायजाबाईने पदर खोचला, तिच्या बायकांनी खोचले. शेवटचा हात फिरवायला केरूने ओल्या शाडूचं घमेलं आणलं होतं, ते बायजाबाईने ओढलं आणि चिखलाचे गोळे हातोहात निघाले. रांगेत मधे अध्यक्ष सापडले. गोळा हातात आल्यावर माणूस तो पुढे देतोच, त्यांनीही दिला, रेशमी झब्ब्यासकट.

"अध्यक्षसाहेब, कवटाळून धरू नका, पोर नाय ते," बायजाबाई म्हणाली.

दाजी गुडघ्यांवर बसून बांध घालत होते. "मुठीने दाब. थोपटू नको, भाकरी नाय ही." शेवटचा गोळा बसला तेव्हा पुतळ्याच्या पायाचा अंगठा तेवढा नरमला होता. पाणी बांधापाशी येऊन थांबलं आणि वळून दाराबाहेर, चपलांकडे गेलं.

दाजी उठले. नुकत्याच मिळालेल्या सत्काराच्या शालीला त्यांनी हात पुसले.

"आता हा हलवायचा नाय," ते अध्यक्षांना म्हणाले. "बांध घातला की आतलं ते आपलं. सगळा खारेपाट तसाच आपला झालाय."

चिखलाने माखलेल्या माणसाला वाद घालणं जड जातं. अध्यक्षांनी मान हलवली.

यंदा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी केरूने चहा अर्धाच सोडला आणि वाचनालय गाठलं. चपला बाहेर काढल्या. पुतळा जागेवर होता, पायाशी वाळलेला बांध, बांधावर कुणीतरी वाहिलेलं जास्वंद. शेजारी रोह्याहून आलेले दाजी टाकीच्या सांध्यावरून बोट फिरवत होते.

"केरू, अंगठा नीट कर. आणि जमलं तर हे पोट."

"अंगठा करतो, साहेब," केरू म्हणाला. "पोट आता कायमचं."