चुका लपवणारा ॲम्प नको

बायकोने पन्नाशीच्या उंबरठ्यावर इलेक्ट्रिक गिटार शिकायला घेतली, तेव्हा आम्हाला दिल्लीत येऊन तीन वर्षं झाली होती. ती केंद्र सरकारच्या नोकरीत, राहायला लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर, आणि मी रोज मेट्रोने गुरुग्राम गाठणारा आयटीवाला. गिटार तिच्या धाकट्या भावाची. परदेशी जाताना तो ती हिच्याकडे ठेवून गेला होता. दोन महिने हिने ती ॲम्पशिवाय, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याशिवायच वाजवली. नुसती तार छेडली तर आवाज डासाच्या गुणगुणण्याइतका. तरी ऑफिसला निघण्याआधी अर्धा तास ही मान वाकवून, कान लावून बसायची.

शेवटी मीच म्हणालो, "घरात वाजवायला एखादा छोटा ॲम्प घेऊ या."

मग मी नेटाने कामाला लागलो. व्हिडिओ पाहिले, अकरा ॲम्पची एक्सेल शीट केली. वॅट किती, स्पीकर केवढा, ब्लूटूथ आहे का, सगळे रकाने. तिने एकदा नजर फिरवली. "छान केलंयस. पण ऐकल्याशिवाय कसं ठरवायचं, यार?"

शनिवारी आम्ही गिटार घेऊन करोल बागेत गेलो. कपड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर वाद्यांचं एक छोटं दुकान होतं. आत एक कॉलेजवयीन गिऱ्हाईक मोठ्या ॲम्पवर असं सुसाट वाजवत होतं की पायाखालची फरशी थरथरत होती. बायको दारातच थांबली.

"मला तीनच कॉर्ड येतात रे. नंतर येऊ या का?"

मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात ती स्वतःच आत गेली आणि स्टुलावर बसली.

दुकानदार पिकल्या केसांचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "कहाँ बजाना है, मैडम?"

"घर में. सरकारी क्वार्टर है, दीवारें पतली हैं."

"तो जितनी आवाज़ में हम बात कर रहे हैं, उतने में ही सुनेंगे." त्यांनी त्या मुलाला दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि तीन ॲम्प जोडले.

पहिला माझ्या शीटमधला. तिने एक कॉर्ड, म्हणजे काही सूर एकदम, वाजवली आणि आवाज असा घुमला, जणू आम्ही एखाद्या सभागृहात बसलोय. "हाच घे," मी म्हणालो. दुसरा आकाराने मोठा, पण हळू वाजवला की गोधडीखालून बोलल्यासारखा. तिसरा म्हणजे एक साधा डबा, त्याला तीन बटणं. त्याच्यावर वाजवताना तिची एक तार खरखरली. सगळ्यांना ऐकू आलं. मला तिच्याकडे बघवेना. तिने पुन्हा वाजवलं, पुन्हा खरखर. तिने बोट जरासं सरकवलं. तिसऱ्यांदा कॉर्ड स्वच्छ वाजली.

मग तिने दुकानदारांना पुन्हा पहिला ॲम्प जोडायला लावला आणि बोट मुद्दाम चुकीच्या जागी ठेवून वाजवलं. खरखर त्या घुमण्यात कुठेतरी विरून गेली.

"हा नको," ती मला म्हणाली. "ह्यात माझी चूक लपते. मग मी सुधारणार कशी? तो साधा घेऊ."

दुकानदारांनी विचारलं, मॅडम काय म्हणाल्या. मी हिंदीत सांगितलं. ते हसले. "यहाँ सब पूछते हैं, सबसे बढ़िया किसमें लगूँगा. गलती किसमें सुनाई देगी, ये किसी ने नहीं पूछा."

तो मुलगाही जवळ आला. "आंटी, कितने साल से बजा रही हैं?"

"दो महीने से."

त्याने खात्री करायला माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, आणि उगाचच ताठ उभा राहिलो.

साध्या ॲम्पचं नाव माझ्या अकरांत नव्हतंच. रिक्षात तिने तो मांडीवर घेतला, वाटेत दोनदा बटणं फिरवून पाहिली.

आता रोज सकाळी मी चहा करतो आणि आतल्या खोलीतून तीच ती कॉर्ड दहादा येते. दहाही वेळा ती थांबते, ऐकते, पुन्हा सुरू करते. ऑफिसात वीस वर्षं लोकांच्या चुका काढणारा मी, माझ्या स्वतःच्या चुकांसाठी इतका वेळ कधी बसलो नाही.

गेल्या महिन्यात बाजारातून येताना खालच्या मजल्यावरच्या बाई आम्हा दोघांना जिन्यात भेटल्या. "सुबह-सुबह आपके यहाँ रेडियो बहुत अच्छा बजता है," त्या म्हणाल्या.

"रेडिओ म्हणाल्या! ऐकलंस ना?" घरात शिरताच बायको म्हणाली, आणि भाजीची पिशवी खाली न ठेवताच भावाला फोन लावला.