कार्बन सरांचं डिसेंबरी यंत्र

कार्बन सर आपलं यंत्र फक्त डिसेंबरात चालवून दाखवत, तेही सकाळी. जळगावात लोक शेकोटीभोवती बसायचे, तेव्हा सर पाहुण्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या खोलीत उभं करून विचारत, "काय, वाटतंय ना गार?" पाहुणे शाल सावरत हो म्हणत.

कार्बन डायऑक्साइडवर चालणारं आणि कमी वीज खाणारं वातानुकूलन, ही त्यांची नव्वदच्या दशकातली घोषणा; नावही त्यावरूनच पडलेलं. कल्पना एका परदेशी मासिकातली. सरांची स्वतःची भर म्हणजे यंत्राला दिलेला आकाशी रंग.

मी त्याच कॉलेजात शिकवत होते. मी स्पष्ट सांगितलं, "सर, आपल्या उन्हाळ्यात हा वायू बाहेरच्या नळ्यांत गार होणार नाही. वीज ओढेल आणि थंडावा मिळणार नाही. नळ्यांवर पाणी सोडू या."

"मॅडम, रंग जाईल."

माणूस दुष्ट नव्हता. दुष्टपणालाही समोरच्याकडे लक्ष द्यावं लागतं.

असोद्याचे नाना केळीवाले. त्यांना कापलेला माल हिरवा टिकवणारी खोली हवी होती. यंत्र पाहून ते म्हणाले, "सर, थंडीत तं केळी ओट्यावरबी टिकते. मे मधी चालंल का?"

"नाना, हे शास्त्र आहे, पंचांग नाही!"

मे महिन्यात नानांचा माल कापून झाला आणि ट्रक आलाच नाही. त्यांनी सगळे घड सरांच्या खोलीत आणून लावले. मी सुट्टीत धुळ्याला माहेरी होते. परत आले तेव्हा यंत्र घरघरत होतं, विजेचं मीटर गरगरत होतं आणि खोलीत भट्टी पेटली होती. केळी पिवळी होऊन काळी पडायला लागली होती.

नानांनी एक फणी सरांच्या टेबलावर ठेवली. "खाऊन पाहा सर. तुमच्या मशीनीनं पिकवली."

सरांनी एक सोललं, खाल्लं आणि म्हणाले, "गोड आहे."

पुढे बढती घेऊन ते पुण्याला गेले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, "यंत्रात दोष नव्हता, जळगावचं हवामान मागास आहे." टाळ्याही पडल्या.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी नळ्यांवर पाणी सोडलं. रंग गेला. खोली गार झाली, वीजही कमी लागली. नानांना दाखवायला आणावं म्हणून मी असोद्याला गेले.

नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं चालत असंल मॅडम," ते म्हणाले, "पन आमी एकदा पाह्यलं."

आणि त्यांनी आत चहा सांगितला.